फ्रेंच कुणासाठी? गुणांसाठी की भविष्यासाठी?

२६ जानेवारी २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले होते. २०३० पर्यंत भारतातील तीस हजार विद्यार्थी फ्रान्समध्ये शिकायला यावेत, असे उद्दिष्ट त्यांनी त्या वेळी पुन्हा एकदा जाहीर केले. ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांच्यासाठी खास वर्ग उघडू, असेही सांगितले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान फ्रान्सला गेले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात या 'आंतरराष्ट्रीय वर्गां'चा स्पष्ट उल्लेख आला. सप्टेंबर २०२५ पासून हे वर्ग सुरू करायचे, भारतीय विद्यार्थ्याला एक वर्ष फ्रेंच भाषा आणि तिथली अभ्यासाची पद्धत शिकवायची आणि त्यानंतर त्याला फ्रेंच माध्यमाच्या अभ्यासक्रमात प्रवेश द्यायचा, अशी ती योजना आहे. विमाने आणि पाणबुड्या यांच्या चर्चेत ही बातमी कोपऱ्यात गेली. आमचा सवाल मात्र याच बातमीवर आहे. या तीस हजारांत आमच्या वस्तीतली मुले किती असतील?

हा सवाल विचारला की लगेच सांगितले जाते, 'फ्रेंच शिका, कुणी अडवले आहे?' कायद्याने कुणी अडवलेले नाही हे खरे. पण महाराष्ट्रात फ्रेंच भाषा आज कुठे शिकवली जाते आणि कशासाठी शिकली जाते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतील नामांकित कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा जर्मन घेण्याची पद्धत जुनी आहे. ही भाषा घेणाऱ्या बहुतेकांना ना फ्रान्सला जायचे असते, ना फ्रेंच ग्रंथ वाचायचे असतात. मराठीत निबंध लिहावा लागतो, रसग्रहण करावे लागते आणि इतके करूनही गुण हातचे राखून दिले जातात. फ्रेंचमध्ये ठरलेले व्याकरण, ठरलेले उतारे आणि ठरलेली उत्तरे पाठ केली की नव्वदच्या पुढे गुण पडतात, असा हिशेब घराघरांत पक्का झालेला आहे. बारावीचा निकाल लागला की त्यातली बरीचशी मुले ती भाषा विसरून जातात. म्हणजे जगाच्या एका मोठ्या भाषेचा उपयोग काय, तर टक्केवारी फुगवणे! या वाढीव टक्केवारीवर प्रवेशाच्या यादीत ज्यांच्या पुढे ही मुले सरकली, त्यांच्या शाळेत फ्रेंचचा शिक्षक कधी आलाच नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलाला हा पर्याय असतो हेसुद्धा माहीत नसते. मग निकालाच्या दिवशी याला 'गुणवत्ता' म्हणतात आणि आरक्षणाला नावे ठेवतात.

२०२५ च्या एप्रिल आणि जून महिन्यांत महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीवरून मोठे वादळ झाले. शासनाला २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमावी लागली. मराठीच्या बाजूने उभे राहणे योग्यच होते. पण त्या गदारोळात एक गोष्ट कुणी विचारली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या परकीय भाषा उपलब्ध करून देऊ असे लिहिले आहे. त्या कुठल्या शाळेत उपलब्ध होणार? महिन्याला हजारो रुपये फी घेणाऱ्या शाळेत त्या आधीपासूनच आहेत. आश्रमशाळेत, नगरपालिकेच्या शाळेत, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळेत त्या कधी येणार? सक्तीवर भांडणारे पुष्कळ आहेत. आमच्या मुलांना भाषेची निवडच दिली जात नाही, यावर भांडायला कुणी नाही.

शाळेत कोणती भाषा घेता येते यावर पुढचे आयुष्य ठरते, हे आम्हाला कुणी नव्याने सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते. ते शिकू दिले गेले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषेच्या दारावरचा पहारेकरी कोण असतो, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच पाहिले. पण ते तिथे थांबले नाहीत. कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ अशी ती यादी आहे आणि तिच्यात प्राथमिक फ्रेंचचा एक व प्राथमिक जर्मनचा एक अभ्यासक्रम आहे. अर्थशास्त्राच्या डोंगराएवढ्या अभ्यासातून वेळ काढून या दोन भाषा त्यांनी कशासाठी घेतल्या असतील? ज्ञान एकाच भाषेत कोंडलेले नसते, याचे भान त्यांना होते म्हणून! १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. त्यासाठी त्यांनी आपली शैक्षणिक माहिती स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहून पाठवली होती. आपण काय शिकलो आणि पुढे काय शिकायचे आहे, हे परक्या विद्यापीठाला त्याच्याच भाषेत सांगणारा हा महार समाजातला पहिला विद्यार्थी असावा. आमच्या मुलांसमोर याहून मोठे उदाहरण कोणते ठेवायचे?

नेमके हेच काम आज फ्रान्सला जाणाऱ्या विद्यार्थ्याला करावे लागते. युरोपात भाषेचे ज्ञान मोजण्यासाठी सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. ए-१ पासून सी-२ पर्यंत. त्यातली तिसरी पायरी बी-१. या पायरीवर पोहोचलेल्या माणसाला आपला अनुभव, आपले स्वप्न, आशा आणि महत्त्वाकांक्षा सांगता आली पाहिजे, आपल्या मताची आणि योजनेची थोडक्यात कारणे देता आली पाहिजेत, अशी अपेक्षा आहे. चौथी पायरी बी-२. फ्रेंच माध्यमाच्या पदवीसाठी बहुतेक विद्यापीठे निदान ही पातळी मागतात. म्हणून फ्रेंचच्या प्रत्येक वर्गात एक धडा हमखास असतो. तुझी शाळा कोणती, तुला कोणता विषय आवडतो, तो का निवडलास, पुढे काय करणार आहेस? भारतातून फ्रान्सला जाणाऱ्या विद्यार्थ्याची व्हिसापूर्वी 'कॅम्पस फ्रान्स' या संस्थेमार्फत मुलाखत होते. ती इंग्रजीतही देता येते, पण प्रश्न तेच असतात. हाच अभ्यासक्रम का? फ्रान्सच का? शिकून झाल्यावर काय?

हे प्रश्न दिसायला साधे आहेत. पण ज्या घरात मुलाला लहानपणापासून 'तुला काय व्हायचे आहे' असे विचारले जाते, त्या घरातल्या मुलाला ते साधे वाटतात. आमच्या कित्येक घरांत हा प्रश्न विचारण्याची सवड नसते. मुलगा दहावी झाला की पोलीस भरती, मुलगी बारावी झाली की डी.एड. किंवा नर्सिंग, पदवी झाली की एमपीएससीची खोली. या वाटा वाईट नाहीत. त्यांनीच समाजाची दोन पिढ्यांची भाकरी चालवली आहे. पण याच तीन-चार वाटा आहेत असे मानून पंचविशी-तिशी खोल्यांमध्ये काढणारी हजारो मुले आज पुण्यात, संभाजीनगरला, नागपूरला आहेत. त्यांची बुद्धी कमी नाही, त्यांच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांची यादी कमी आहे. परकी भाषा शिकताना पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारते की, तू पुढे काय करणार आणि का? या प्रश्नाचे उत्तर तयार करणे हेच मुळात शिक्षण आहे.

फ्रान्सच का, असे कुणी विचारील. पहिले कारण पैशाचे. अमेरिका आणि इंग्लंडमधील विद्यापीठांची फी लाखांच्या पटीत आहे. फ्रान्समधील सरकारी विद्यापीठांचा बराच खर्च तिथले सरकार उचलते. तिथेही २०१९ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वाढवली गेली. पदवीसाठी वर्षाला २,७७० युरो आणि पदव्युत्तरसाठी ३,७७० युरो असा दर ठरला. आधी तो तिथल्या मुलांप्रमाणेच १७० आणि २४३ युरो होता. तिथल्या विद्यार्थी संघटनांनी याविरुद्ध आंदोलने केली, प्रकरण न्यायालयात गेले, पण वाढ कायम राहिली आणि नंतर दर आणखी थोडे चढले. तरीसुद्धा पदवीची वर्षाची फी तीन लाख रुपयांच्या आसपास राहते. आपल्याकडच्या कित्येक खासगी अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयांची फी याहून जास्त आहे! पीएच.डी.ला तर ही वेगळी वाढ लावलेलीच नाही. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र मोठा आहे. व्हिसासाठी दरमहा किमान ६१५ युरोची सोय दाखवावी लागते, हा नियम अनेक वर्षांचा आहे. विद्यार्थ्याला वर्षात ९६४ तास काम करण्याची मुभा आहे, पण त्या भरवशावर घर सोडू नये.

दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. फ्रेंच विद्वानांनी आमच्या समाजाबद्दल शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिले आहे. एमिल सेनार यांनी १८९६ मध्ये जातींवर ग्रंथ लिहिला. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात सेनार यांची जातीची व्याख्या तपासून तिच्यातली उणीव दाखवली. त्याच निबंधात त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा सिद्धांत जातीचा प्रसार समजावण्यासाठी वापरला. पुढे १९६६ मध्ये लुई द्युमाँ यांचा 'होमो हायरार्किकस' आला आणि जगभरच्या विद्यापीठांत जात समजून घेण्यासाठी तो वाचला जाऊ लागला. शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनेवर सारी इमारत उभी करणारा हा ग्रंथ जात वरून पाहतो, खालून नाही, अशी टीका त्यावर झाली. २००० मध्ये क्रिस्तोफ जाफ्रलो यांनी बाबासाहेबांवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले. म्हणजे आमच्याविषयी फ्रेंचमध्ये बोलणारे पुष्कळ झाले. आता फ्रेंचमध्ये उत्तर देणारे आमच्यातून निघाले पाहिजेत. बाबासाहेबांनी सेनारला वयाच्या पंचविशीत उत्तर दिले होते. द्युमाँला त्याच्या भाषेत उत्तर द्यायला आम्ही किती पिढ्या लावणार?

आणि फ्रेंच ही काही फक्त पॅरिसच्या गोऱ्या माणसांची भाषा राहिलेली नाही. ही भाषा रोज बोलणाऱ्यांत आफ्रिकेतील लोकांचा वाटा फार मोठा आहे. मार्तिनिक बेटावरचा फ्रांझ फॅनन फ्रेंचमध्येच लिहीत होता. १९५२ च्या 'काळी कातडी, गोरे मुखवटे' या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण त्याने भाषेवर लिहिले. मालकाची भाषा बोलायला लागलेला गुलाम स्वतःला मालक समजू लागतो आणि आपल्याच माणसांपासून तुटतो, हा धोका त्याने दाखवून दिला. तो आमच्यासाठीही आहे. इंग्रजी शिकून वस्तीकडे पाठ फिरवणारे आम्ही पाहिले आहेत. फ्रेंच शिकून आणखी एक पांढरपेशा वर्ग तयार करायचा असेल, तर त्याची चळवळीला गरज नाही.

फ्रान्स म्हणजे समतेचा स्वर्ग, असाही कुणाचा समज होऊ नये. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले होते. ज्या देशाच्या सरकारी इमारतींवर ही तीन तत्त्वे कोरलेली आहेत, तिथेही पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. काही विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखेत जातात, काही व्यवसाय शिक्षणाच्या शाखेत. या दुसऱ्या वाटेवर कामगारांची आणि स्थलांतरितांची मुले जास्त सापडतात. २०१८ पासून तिथे 'पार्कूरसुप' या संगणकीय यंत्रणेतून उच्च शिक्षणाचे प्रवेश होतात. तिच्यातही विद्यार्थ्याला आपल्या निवडीची कारणे लिहून द्यावी लागत आली आहेत. शिकलेल्या घरातल्या मुलाची कारणे सुबक उतरतात, मजुराच्या मुलाची अडखळतात. पिएर बूर्दिय आणि पासरों यांनी १९६४ मध्येच 'वारसदार' या ग्रंथात दाखवले होते की, शाळा ज्याला हुशारी म्हणते त्यातला मोठा भाग घरातून मिळालेला वारसा असतो. आम्ही हे महात्मा फुल्यांपासून सांगत आलो आहोत!

आता आपल्या सरकारकडे वळू. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. साऱ्या देशातून ११५! महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण या दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतर एक वर्ष भाषा शिकून मग पदवीला जाण्याचा जो नवा मार्ग फ्रान्सने उघडला, तो यांच्या चौकटीत बसतच नाही. शिवाय जागतिक क्रमवारीची अट. परक्या खासगी कंपनीने लावलेल्या यादीत विद्यापीठ वर असेल तरच पैसे. फ्रान्समधील मोजकी विद्यापीठे त्या यादीत वर आहेत, बाकीची बहुसंख्य सरकारी विद्यापीठे खाली आहेत, मग त्यांचा एखादा विभाग कितीही चांगला असो. त्यात २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे परदेशात जाऊन जातीवर संशोधन करायचे नाही! बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध आजच्या नियमात बसला नसता, हे ध्यानात घ्या.

सरकारला भाषा शिकवता येत नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री असे दहा हजार कुशल कामगार पाठवायचे ठरले आणि त्यांना जर्मन शिकवण्याची योजना शासनाने स्वतः आखली. ती किती यशस्वी झाली हा स्वतंत्र विषय आहे. मुद्दा असा की, परदेशाला आमचे हात हवे असले की शासनाला भाषेचे वर्ग सुचतात. आमचे डोके परदेशात शिकायला जाणार असेल, तर मात्र ज्याने त्याने आपापली सोय करावी!

फ्रेंचमध्ये 'जर-तर'ची दोन वाक्ये शिकवतात. 'मला शिष्यवृत्ती मिळाली तर मी जाईन' हे एक. 'मला शिष्यवृत्ती असती तर मी गेले असते' हे दुसरे. लिहिताना जाण्याच्या क्रियापदात शेवटच्या एका अक्षराचा फरक पडतो. पहिले वाक्य योजना आहे, दुसरे हळहळ आहे. आमच्या मुलींना दुसरे वाक्य पाठ करायला लावायचे नसेल, तर काही मागण्या लावून धरल्या पाहिजेत.

पहिली मागणी, शासकीय निवासी शाळा, आश्रमशाळा आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत आठवीपासून एका परकीय भाषेचा वर्ग सुरू करा. दुसरी, बार्टीने बी-२ पातळीपर्यंत निवासी फ्रेंच प्रशिक्षण द्यावे आणि परीक्षेची फी भरावी. तिसरी, परदेश शिष्यवृत्तीत भाषेचे वर्ष आणि पदवी शिक्षण यांचा समावेश करा, क्रमवारीची अट विभागाच्या दर्जानुसार शिथिल करा आणि विषयांवरची बंदी उठवा. चौथी, तीस हजारांच्या यादीत सामाजिक प्रवर्गनिहाय किती विद्यार्थी गेले, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करा.

पण सरकार जागे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे आम्हाला परवडणारे नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर अगदी मुळाक्षरांपासून फ्रेंच शिकवणारा बी.ए. ऑनर्स अभ्यासक्रम आहे. हैदराबादला इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आहे. दोन्हीकडे घटनात्मक आरक्षण लागू आहे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. तिचा अर्ज बारावीच्या वर्षातच भरावा लागतो आणि आमची मुले नेमकी तिथेच चुकतात, कारण कुणी सांगितलेलेच नसते. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत परकीय भाषांचे अभ्यासक्रम आहेत. फ्रेंच सरकारी रेडिओ आरएफआय सोप्या फ्रेंचमध्ये बातम्या फुकट ऐकवतो. ज्या विहारात रविवारी वंदना होते, तिथे वंदनेनंतर एक तास भाषेचा वर्ग का होऊ नये? वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी ही भाषा शिकली असेल तर दहा जणांना शिकवील. आणि लाखो रुपये घेऊन खासगी बिझनेस स्कूलचा प्रवेश 'पॅरिसचे शिक्षण' म्हणून विकणाऱ्या दलालांपासून समाजाला सावध करणे, हेही कार्यकर्त्यांचेच काम आहे.

यंदा दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतील. शाल, श्रीफळ, फोटो होतील. त्या कार्यक्रमात वक्त्यांनी भाषण थोडे आवरते घ्यावे आणि समोरच्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला एकच प्रश्न विचारावा. पुढे काय शिकणार, कुठे शिकणार आणि का? उत्तर मराठीतच येऊ द्या. ते उत्तर ज्या भाषेतून पुढे न्यावे लागेल, ती भाषा शिकवण्याची जबाबदारी मग समाजाने घ्यावी. फ्रेंच तर फ्रेंच!